रोमची तिजोरी आणि रोमचा ऱ्हास

पाचव्या शतकात डॅन्यूब आणि इन या नद्यांच्या संगमावर, आज जर्मनीतील पासाउ हे शहर जेथे वसले आहे तेथे, बटाविस नावाचे एक रोमन ठाणे होते. साम्राज्याच्या सीमेवरील अशा ठाण्यांतील सैनिकांना सरकारी खजिन्यातून वेतन मिळत असे. पुढे हे वेतन येईनासे झाले. एकेका ठाण्यातील तुकड्या आपोआप विरत गेल्या, कारण पगाराविना पहारा करणार कोण? बटाविसची तुकडी मात्र टिकून होती. अखेरीस तिच्यातील काही सैनिक सोबत्यांचे थकलेले वेतन आणण्यासाठी इटलीकडे निघाले. वाटेत त्यांना टोळीवाल्यांनी ठार मारले, आणि ही गोष्ट मागे राहिलेल्यांना कळली ती त्यांचे मृतदेह नदीच्या प्रवाहाबरोबर काठाला लागले तेव्हा. युजिप्पियस या मठवासी लेखकाने इ. स. ५११ च्या सुमारास संत सेव्हेरिनसचे चरित्र लिहिले, त्यात हा प्रसंग आला आहे. त्याच्या दृष्टीने ती संताच्या अंतर्ज्ञानाची कथा होती. इतिहासाच्या अभ्यासकाला तीच कथा निराळ्या कारणासाठी मोलाची वाटते. साम्राज्याचा अंत सीमेवरच्या माणसाला कसा दिसला, हे इतक्या थोडक्या शब्दांत सांगणारा दुसरा पुरावा क्वचितच सापडेल.

शालेय पुस्तकांत रोमच्या पतनाचे वर्ष इ. स. ४७६ असे दिलेले असते. त्या वर्षी ओडोएसर या सेनापतीने रोम्युलस ऑगस्ट्युलस या अल्पवयीन सम्राटाला पदच्युत केले आणि सम्राटपदाची राजचिन्हे कॉन्स्टँटिनोपलला पाठवून दिली. त्या मुलाला ठारसुद्धा मारण्यात आले नाही. त्याला वर्षासन बांधून देऊन कँपेनियात राहावयास धाडण्यात आले. रोममध्ये सिनेटच्या सभा पूर्ववत भरत राहिल्या आणि कॉन्सलच्या नेमणुका इ. स. ५४१ पर्यंत होत राहिल्या. पूर्वेकडील साम्राज्य तर, अनेक आपत्ती सोसून, १४५३ पर्यंत जगले. तेव्हा ४७६ ही तारीख इतिहासकारांच्या सोयीची आहे एवढेच म्हणता येईल. सम्राट केव्हा गेला या प्रश्नापेक्षा वेतन केव्हा थांबले आणि ते का थांबले, हा प्रश्न अधिक फलदायी आहे.

या ऱ्हासाची कारणे आजवर इतकी सांगण्यात आली आहेत की अलेक्झांडर डेमांट या जर्मन इतिहासकाराने १९८४ मध्ये त्यांची मोजदाद केली, तेव्हा ती २१० भरली. विलासी वृत्ती, ख्रिस्ती धर्माचा प्रसार, जमिनीचा कस कमी होणे, गुलामगिरी, शिशाच्या नळांतून येणारे पाणी अशी ही यादी वाढतच जाते. या गर्दीतून वाट काढण्यासाठी एक साधी कसोटी उपयोगी पडते. ए. एच. एम. जोन्स या इंग्रज इतिहासकाराने १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात तिचा आग्रह धरला होता. रोमन साम्राज्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग होते. त्यांपैकी पश्चिमेकडील कोसळला आणि पूर्वेकडील टिकला. म्हणून जे कारण दोन्हीकडे सारखेच लागू पडते, ते एकट्या पश्चिमेच्या नाशाचा उलगडा करू शकत नाही. पूर्वेकडील प्रजा पश्चिमेपेक्षा अधिक प्रमाणात ख्रिस्ती झालेली होती. शिशाचे नळ तिकडेही होते आणि विलासाची तर कॉन्स्टँटिनोपलमध्ये मुळीच वाण नव्हती. या कसोटीवर २१० पैकी बरीचशी कारणे गळून पडतात. उरतात त्यांत भूगोल आणि महसूल ही दोन महत्त्वाची होत. या लेखात मुख्यतः महसुलाचा विचार करावयाचा आहे.

रोमन राज्याच्या खर्चापैकी निम्म्याहून अधिक भाग सैन्यावर होत असे. ऑगस्टसच्या काळी सामान्य सैनिकाला वर्षाला २२५ दिनार मिळत. (आपल्याकडे गुप्तकालीन लेखांत येणारा ‘दीनार’ हा शब्द याच रोमन नाण्याच्या नावावरून आलेला आहे.) निवृत्त सैनिकांची सोय लावण्यासाठी ऑगस्टसने इ. स. ६ मध्ये वेगळा खजिना उभारला आणि त्यासाठी रोमन नागरिकांच्या वारसाहक्कावर पाच टक्के कर बसविला. या अल्पशा करावरूनही मोठी कुरबूर झाली. तिचे कारण असे, की इसवी सनापूर्वी १६७ पासून इटलीतील नागरिक प्रत्यक्ष करातून मुक्त होते. जिंकलेल्या प्रांतांनी भरावे आणि इटलीने उपभोगावे, ही व्यवस्था त्यांच्या अंगवळणी पडली होती. पुढे डायोक्लेशियनने, म्हणजे साडेचारशे वर्षांनंतर, इटलीची ही सूट काढून घेतली. राज्य चालविण्याचा खर्च कोणी द्यावयाचा आणि कोणाला त्यातून सूट असावयाची, हा प्रश्न अशा रीतीने आरंभापासूनच या साम्राज्याच्या पाठीशी लागलेला होता.

नवे प्रांत जिंकले जात होते तोवर लुटीच्या सोन्याने तूट भरून निघे. विजयांचा ओघ थांबल्यावर सम्राटांपुढे थोडेच मार्ग उरले. कर वाढवावा, श्रीमंतांची मालमत्ता जप्त करावी, अथवा नाण्यात हीण मिसळावे. कर्ज काढणे हा आजच्या सरकारांना सहज सुचणारा मार्ग त्यांना जवळजवळ उपलब्धच नव्हता, कारण राष्ट्रीय कर्ज ही संस्थाच त्या काळी अस्तित्वात नव्हती. साहजिकच टांकसाळीवर भार पडला. ऑगस्टसचा दिनार जवळजवळ शुद्ध चांदीचा होता. नीरोने इ. स. ६४ मध्ये त्याचे वजन आणि कस दोन्ही कमी केले. सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळी त्यातील चांदी निम्म्याच्या आसपास आली. तिसऱ्या शतकाच्या सातव्या दशकात जी नाणी पाडली गेली, त्यांत चांदी शेकडा पाच भागही नव्हती. तांब्याच्या चकतीवर चांदीचा मुलामा, असे त्यांचे रूप झाले होते.

ही घसरण हिंदुस्थानच्या व्यापाऱ्यांच्या लक्षात लवकरच आली असली पाहिजे. दक्षिण भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या नाण्यांत फार मोठा वाटा ऑगस्टस आणि टायबीरियस यांच्या नाण्यांचा आहे. नीरोनंतरची चांदीची नाणी तुलनेने विरळ असून सोन्याची मात्र पुढेही आढळतात. मलबारच्या मिरीच्या बदल्यात कोणते नाणे घ्यावे, हे तेथील व्यापारी पारखून ठरवीत होते असे दिसते. रोममधील सामान्य सैनिकाला ही मुभा नव्हती. हाती पडेल ते नाणे त्याला घ्यावेच लागे, आणि त्याचे मोल घटले की तो वेतनवाढ मागे. ती न मिळाल्यास तो नवा सम्राट निवडी! इ. स. २३५ ते २८४ या अर्धशतकात वीसहून अधिक सम्राट गादीवर आले आणि त्यांपैकी बहुतेक मारले गेले. याच काळात साथीच्या रोगाने साम्राज्य पोखरले. इराणात बलाढ्य सासानी सत्ता उदयास आली आणि २६० मध्ये व्हॅलेरियन हा सम्राट तिच्या हाती जिवंत सापडला.

या अरिष्टातून साम्राज्य सावरले, ही गोष्ट ऱ्हासाच्या कथेत नेहमी विसरली जाते. डायोक्लेशियनने सैन्य वाढविले, प्रांतांची फेररचना केली आणि जमीन व माणसे मोजून कराची नवी पद्धत घातली. महागाईला आवर घालण्यासाठी त्याने ३०१ मध्ये काढलेला आदेश प्रसिद्ध आहे. हजाराहून अधिक वस्तू आणि सेवांचे कमाल दर त्यात ठरवून दिले होते. त्यानुसार शेतमजुराला जेवणासह दिवसाला २५ दिनार मिळावयाचे. न्हाव्याने एका गिऱ्हाइकाचे दोन दिनार घ्यावयाचे. मुलांना अक्षरओळख करून देणाऱ्या शिक्षकाला दर विद्यार्थ्यामागे महिना ५०, तर वक्तृत्वकला शिकविणाऱ्याला २५० दिनार द्यावयाचे. गव्हाच्या एका मोठ्या मापाची किंमत १०० दिनार, म्हणजे मजुराची चार दिवसांची रोजी होती. या दरांचे उल्लंघन करणाऱ्यास देहदंड होता. लॅक्टँशियस हा समकालीन लेखक सांगतो की रक्तपात झाला, बाजारातून माल नाहीसा झाला आणि आदेश मागे पडला. लॅक्टँशियस हा डायोक्लेशियनचा कट्टर विरोधक होता, हे ध्यानात ठेवून त्याचे शब्द वाचावयास हवेत. तथापि नंतरच्या काळातही भाव चढतच गेले, हे अन्य पुराव्यांवरून सिद्ध आहे.

नाण्याचा प्रश्न सोडविला तो कॉन्स्टँटाइनने. एका रोमन पौंड सोन्यातून ७२, या प्रमाणात पाडलेले त्याचे सॉलिडस हे नाणे पूर्वेकडे अकराव्या शतकापर्यंत आपला कस बव्हंशी टिकवून होते. एवढे दीर्घायुष्य फार थोड्या चलनांना लाभले आहे. परंतु सोने होते ते मोठ्या जमीनदारांकडे आणि वरच्या अधिकाऱ्यांकडे. गरिबांच्या व्यवहारातले तांब्याचे नाणे मात्र घसरतच राहिले. शिवाय नवी करपद्धती राबविण्यासाठी माणसांना जखडून ठेवावे लागले. ३३२ मधील एका कायद्याने पळून गेलेल्या कुळाला त्याच्या जमिनीवर परत आणण्याची तरतूद केली. शहरांच्या नगरसभासदांवर कर गोळा करण्याची जबाबदारी होती, आणि वसुली कमी आल्यास त्यांना ती पदरची भरावी लागे. पूर्वी मानाचे समजले जाणारे हे पद टाळण्यासाठी लोक धर्मसंस्थेत शिरू लागले, सैन्यात जाऊ लागले, किंवा एखाद्या बड्या जमीनदाराच्या आश्रयाला जाऊ लागले. ज्याचा हात वर पोहोचत होता तो सूट मिळवी आणि त्याचा भार न पोहोचणाऱ्यावर पडे.

या स्थितीचा परिणाम इ. स. ४०८ मध्ये अगदी उघड दिसून आला. गॉथ लोकांचा नेता अलॅरिक हा सैन्यासह इटलीच्या उंबरठ्यावर उभा होता आणि त्याने चार हजार पौंड सोन्याची मागणी केली होती. पश्चिमेचा सूत्रधार स्टिलिको याने सिनेटपुढे ही रक्कम देण्याचा प्रस्ताव मांडला. सिनेटरांना तो अपमानास्पद वाटला आणि एकाने तर हा तह नसून दास्याचा करार आहे असे बोलून दाखविले. स्टिलिकोच्या दबावामुळे प्रस्ताव संमत झाला, पण काही महिन्यांतच तो स्वतः मारला गेला आणि ठराव बारगळला. आता या चार हजार पौंडांचे मोल किती होते ते पाहू. आजच्या मापाने ते सुमारे तेराशे किलोग्रॅम सोने होते. ऑलिंपियोडोरस हा त्याच काळातील लेखक सांगतो की रोममधील अनेक धनाढ्य घराण्यांचे वार्षिक उत्पन्न चार हजार पौंड सोने इतके होते. त्यांना मिळणारे धान्य आणि मद्य याहून वेगळे. म्हणजे ज्या रकमेवरून साम्राज्याची प्रतिष्ठा पणाला लागली, ती सभागृहात बसलेल्या एकाच घराण्याची एका वर्षाची मिळकत होती!

अलॅरिकने त्याच वर्षी रोमला वेढा घातला. उपासमार सुरू झाल्यावर शहराने पाच हजार पौंड सोने, तीस हजार पौंड चांदी, चार हजार रेशमी अंगरखे, तीन हजार लाल रंगविलेली कातडी आणि तीन हजार पौंड मिरी देऊन आपली सुटका करून घेतली. मिरी आपल्या केरळच्या किनाऱ्यावरून गेलेली होती, आणि संकटाच्या दिवसांतही ती रोममध्ये इतक्या प्रमाणात शिल्लक होती, हे त्या समाजातील संपत्तीच्या वाटणीवर पुरेसा प्रकाश टाकते. सुटका तात्पुरतीच ठरली. ऑगस्ट ४१० मध्ये अलॅरिकने रोम लुटले.

येथून पुढे एक दुष्टचक्र सुरू झाले. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या प्रदेशांना करात सवलत द्यावीच लागे. ४१३ मध्ये इटलीतील अनेक प्रांतांचा कर एक पंचमांशावर आणण्यात आला. कर घटला की सैन्य घटे, सैन्य घटले की आणखी एखादा प्रांत हातचा जाई आणि त्याच्याबरोबर त्याचा महसूलही जाई. सर्वांत मोठा आघात ४३९ मध्ये झाला. गायसेरिकच्या व्हँडल लोकांनी कार्थेज घेतले. उत्तर आफ्रिका हा पश्चिमेचा सर्वांत श्रीमंत आणि तोवर युद्धापासून सर्वाधिक सुरक्षित राहिलेला भाग होता, आणि रोमचे धान्यही तेथूनच येई. पाच-सहा वर्षांनंतर, ४४४-४५ मध्ये, तिसऱ्या व्हॅलेंटिनियनच्या सरकारने विक्रीवर एक चोविसांश कर बसविला. नव्या सैनिकांची गोष्ट दूरच राहो, जुन्या सैनिकांनाही पुरेसे अन्नवस्त्र देणे शक्य नाही, अशी कबुली त्या कायद्यातच दिलेली आहे. पासाउचे सैनिक ज्या वेतनाची वाट पाहत होते ते वाटेत कोठे अडले होते, याचे उत्तर या सरकारी कागदात सापडते. ४६८ मध्ये पूर्वेच्या मदतीने आफ्रिका परत घेण्यासाठी प्रचंड आरमार पाठविण्यात आले. व्हँडलांनी पेटत्या नौका सोडून ते उधळून लावले आणि पूर्वेचा खजिनाही रिता झाला. त्यानंतर पश्चिमेच्या सम्राटाला साहाय्य करू शकेल असे कोणी उरले नाही.

सामान्य माणसाने यात काय गमावले? काहींच्या मते फारसे काही नाही. व्हँडल आणि गॉथ हे रोमन करवसुलीपेक्षा बरे, असे वाटून लोक त्यांच्याकडे पळून जात असल्याचे साल्व्हियन हा धर्मोपदेशक ४४० च्या दशकात लिहितो. यात अतिशयोक्ती असली तरी ती निराधार नसावी. उलट पुरातत्त्वाची साक्ष वेगळी आहे. साम्राज्याच्या भरभराटीच्या काळी इटलीतील शेतकऱ्याच्या घरावर, किंबहुना त्याच्या गोठ्यावरही, भाजलेली कौले असत आणि त्याच्या स्वयंपाकघरात दूरच्या कारखान्यात घडलेली गुळगुळीत भांडी असत. सहाव्या-सातव्या शतकांत पश्चिमेच्या बऱ्याच भागांत ही दोन्ही नाहीशी होतात. ब्रिटनमध्ये तर काही काळ कुंभाराचे चाकसुद्धा वापरातून गेले. ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांत अडकलेल्या शिशाच्या अंशांवरून रोमन खाणींतील चांदीचे उत्पादन केव्हा वाढले आणि केव्हा घटले, हेही आता समजू लागले आहे. ऑगस्टसच्या काळी दहा लाखांच्या घरात असलेली रोमची लोकसंख्या सहाव्या शतकाच्या मध्यास काही हजारांवर आली. ५३७ मध्ये गॉथांनी वेढा घालताना शहराच्या जलवाहिन्या तोडल्या होत्या. जुलमी कर नाहीसे झाले हे खरे, पण त्या करांवर पोसलेल्या सुरक्षिततेच्या आणि व्यापाराच्या आधाराने जे उभे होते तेही त्यांच्याबरोबर गेले.

प्रत्येक युगाने या ऱ्हासात आपले मुख पाहिले आहे. मिखाइल रोस्तोव्त्सेफ हा रशियन विद्वान १९१८ मध्ये, क्रांतीनंतर, मायदेश सोडून गेला. १९२६ च्या त्याच्या ग्रंथात तिसऱ्या शतकातील अरिष्ट म्हणजे शेतकरी सैनिकांनी सुसंस्कृत शहरी वर्गावर केलेला हल्ला, असे चित्र आहे. ते कोठून आले, हे सांगावयास नको. फ्रेंच इतिहासकार पिगॅन्योल याने जर्मनांच्या कब्जातून देश मुक्त झाल्यानंतर १९४७ मध्ये लिहिताना रोमला नैसर्गिक मृत्यू आला नाही, त्याचा खून झाला, असा निर्वाळा दिला. हिंदुस्थानच्या सनदी सेवेच्या परीक्षेत ग्रीक व लॅटिनला मोठे गुण ठेवलेले होते. तिच्यातून येथे आलेले इंग्रज अधिकारी स्वतःला रोमन प्रशासकांचे वारस मानीत. जेम्स ब्राइस याने रोमन साम्राज्य आणि हिंदुस्थानातील ब्रिटिश साम्राज्य यांची सविस्तर तुलनाच लिहिली. २००७ मध्ये अमेरिकेच्या प्रमुख लेखापरीक्षकांनीही आपल्या देशाला रोमची आठवण करून दिली होती. अशा तुलना बहुधा बाह्य साम्यावर उभ्या असतात. जेथे महसूल, वेतन आणि सुरक्षितता यांची साखळी त्याच रीतीने तुटते, तेथेच तुलनेला अर्थ आहे.

आपल्या देशातील मोगल सत्तेचा उत्तरकाळ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १७१९ मध्ये दिल्लीने शाहू छत्रपतींना दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी दिली आणि त्या बदल्यात पंधरा हजार घोडदळ बादशहाच्या सेवेसाठी ठेवण्याची अट घातली. जो आवरता येत नाही त्यालाच महसुलाचा हिस्सा देऊन रक्षक नेमावयाचे, हीच युक्ती रोमने ४१८ मध्ये गॉथांना दक्षिण गॉलमध्ये वसविताना केली होती. १७४० च्या दशकात बंगालहून दिल्लीला येणारा भरणाही आटला. कार्थेज गेल्यावर रोमची जी अवस्था झाली, तिच्याशी याचे साम्य आहे. पुढील दशकात थकलेल्या पगारासाठी दिल्लीत शिपायांचे दंगे झाले. भेदही तितकाच मोठा आहे. दिल्ली क्षीण झाली तरी पुणे, लखनौ, हैदराबाद येथे नवी दरबारे, बाजार आणि कारागिरी वाढत होती. रोमच्या पश्चिमेस तसे घडले नाही. सोव्हिएत संघाच्या अखेरच्या वर्षी, १९९१ मध्ये, घटक गणराज्यांनी केंद्राला द्यावयाचा वाटा रोखून धरला आणि जगातील सर्वांत मोठ्या सैन्यांपैकी एक असलेल्या सत्तेचे केंद्र त्या वर्षअखेरीस उरलेच नाही.

आधुनिक राज्याला कर्ज काढता येते, या एका गोष्टीने मात्र सारे गणित बदलते. ज्याच्यावर कर बसविता येत नाही त्याच्याकडूनच पैसे उसने घ्यावयाचे आणि त्यावर त्याला व्याज द्यावयाचे, अशी ही सोय आहे. ४०८ चे सिनेटर आज असते तर ते कदाचित राज्याचे सावकार झाले असते. अशा राज्याची तूट पुष्कळ वर्षे झाकलेली राहू शकते. याचे उत्तम उदाहरण अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये सापडते. १७८० च्या दशकाच्या अखेरीस तेथील महसुलाचा सुमारे निम्मा भाग कर्ज व व्याज फेडण्यातच जात होता, आणि सरदार व धर्मसंस्था यांना मुख्य करांतून सूट होती. अर्थमंत्री कॅलोन याने फेब्रुवारी १७८७ मध्ये व्हर्सायला प्रतिष्ठितांची सभा बोलावून सर्वांच्या जमिनीवर सारखा कर बसविण्याची योजना तिच्यापुढे ठेवली. सभेने ती मान्य केली नाही. एप्रिलमध्ये कॅलोनला काढून टाकण्यात आले आणि मे महिन्याच्या अखेरीस सभासद आपापल्या घरी परतले.

रोमच्या ऱ्हासाचा सर्वांत विख्यात इतिहासकार एडवर्ड गिबन हा त्या सुमारास जवळच, स्वित्झर्लंडमधील लोझान येथे होता. त्याच्या इतिहासाचा पहिला खंड १७७६ मध्ये निघाला होता. पुढील एका खंडात त्याने रोमची अवस्था युरोपावर ओढवण्याचा संभव तपासला होता आणि रानटी टोळ्यांपासून आता भय उरलेले नाही, असा दिलासा दिला होता. व्हर्सायची सभा उठल्यानंतर महिनाभराने, २७ जून १७८७ च्या रात्री, आपल्या बागेतील छोट्या घरात बसून त्याने शेवटच्या खंडाची शेवटची ओळ लिहून पुरी केली.